पहाऱ्यावरची पिल्लं

वसूताई,

सगळ्यात आधी तुला हे सांगायचंय, की तुझी पिल्लं गेली. कानाला निळी खूण केलेली ती सगळीच्या सगळी. तू जाऊन पुरते दोन महिनेही झाले नाहीत आणि आम्ही ती घालवली. आम्ही म्हणजे आमची सोसायटी. पण त्या सगळ्यांत खरं काय ते ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मधू, वर्गात पोरांवर ओरडतेस त्यातला थोडा आवाज बाहेर पण काढ की." आता ते म्हणायलाही तू नाहीस, आणि खरं सांगू, या गोष्टीचं मला आधी बरंच वाटलं होतं. कोणी विचारणार नाही म्हणून.

एक वाक्य मी तू असताना कधी धड उच्चारलं नाही, ते आता लिहिते. माझी बहीण गुरांची डॉक्टर होती आणि तिचं काम डुकरांचं होतं. झालं. एवढंच होतं ते. हळदीकुंकवाला कोणी विचारलं, "बहीण काय करते हो?" की मी म्हणायची, "लॅबमध्ये असते." कसली लॅब? तर रक्ताची. खोटं कुठे होतं त्यात? समोरच्या काकूंनी त्यावर त्यांच्या ह्यांची साखर तपासून मिळेल का म्हणून विचारलं. मी तुला ते सांगितलं तर तू हसून हसून लोळलीस. म्हणालीस, "आण की बाटली! डुकरांच्या रांगेत लावून देते, लवकर नंबर लागेल." मीही हसले होते. पण काकूंना खरं काही सांगितलं नाही.

आणि तो कप. आमच्या घरी तुझा कप वेगळा असायचा, ताई. सासूबाईंनी एकदाच म्हटलं होतं, "ती काही परकी नाही गं, पण डुकरांत हात घालते ना." पुढचं सगळं मीच केलं. फडताळात वरच्या खणात तुझा कप, तुझी ताटली, घासायचं तेही शेवटी. तू दारातून हाक मारायचीस, "मधू, माझा मानाचा कप काढ गं!" सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात. तू रागवत का नव्हतीस? मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही. मेलं, आपल्याला सोयीचं असतं तेच वाटतं माणसाला.

एकदा तू मला जबरदस्तीनं वस्तीवर नेलंस. माझ्या गॅलरीतून खाडी दिसते, खाडीच्या पलीकडे नवागामच्या टोकाची ती वस्ती. इतक्या वर्षांत मी कधी पाय ठेवला नव्हता. तिथल्या डुकरं पाळणाऱ्या लीलाबाईच्या दारात तू पाट घेऊन बसलीस. तिनं पिल्लू उताणं मांडीवर घेतलं, चारी पाय धरले, आणि तू गळ्याजवळ सुई घातलीस. काय किंचाळलं ते! मी कानावर हात ठेवले. तेवढ्यात तुझं झालंही होतं. पिल्लू सोडलं तर ते तुरुतुरु आईकडे गेलं आणि लागलं प्यायला. मग लीलाबाईनं चहा दिला, तू फुंकर मारत प्यालीस. मला दिला तर मी म्हटलं, उपास आहे. ती तुझ्याकडे बघत म्हणाली, "आज कशाना उपास?" तू खाली मान घालून हसलीस. घरी येईपर्यंत हसत होतीस.

येताना खाडीच्या पुलावर तू मला नीट समजावलंस. म्हणालीस, "डुकराला काही होत नाही बघ. खातो, पितो, चिखलात लोळतो. पण त्याच्या रक्तात मेंदूज्वराचा विषाणू भराभर वाढतो. मच्छर आधी त्याला चावतो, मग तुझ्या वर्गातल्या पोराला. पोराला ताप येतो, झटके येतात, वाचलं तरी पहिल्यासारखं राहील याचा भरवसा नाही. म्हणून मी पोरांच्या आधी पिल्लांना विचारते, आला का रे तो?" मी म्हटलं, मग पिल्लंच का, मोठी डुकरं आहेत की ढीगभर. तर म्हणालीस, "मोठ्यांच्या रक्तात तो येऊन गेल्याची जुनी खूण असतेच. कोवळ्या पिल्लाच्या रक्तात खूण दिसली म्हणजे तो आत्ता आलाय. ही माझी पहाऱ्यावरची माणसं आहेत, मधू. ती विकायची नाहीत, कापायची नाहीत, हलवायची नाहीत."

आणि वस्तीतली माणसं ऐकत होती तुझं! सणावाराला, पाहुणे आले तरी निळ्या खुणेच्या पिल्लाला हात लागत नव्हता. सुरुवातीला त्यांनी तुला वस्तीत शिरू दिलं नव्हतं, हे तूच सांगितलंस. रक्त काढायला आले म्हणजे मागून डुकरं पकडायची गाडी येणार, असं त्यांना वाटे. तू नुसती जाऊन बसायचीस, गप्पा मारायचीस, अहिराणीत. आपली धुळ्याची अहिराणी. मी लग्नानंतर ती अशी टाकली की माझ्या मुलीला एक शब्द येत नाही. शेवटी तू त्यांना शब्द दिलास, की मी रक्त नेईन, डुक्कर नेऊ देणार नाही. त्या शब्दावर लीलाबाईनं पहिलं पिल्लू मांडीवर घेतलं.

यावरून आपलं भांडण व्हायचं. ते अर्धवटच राहिलं. मी म्हणायची, "एवढा धोका आहे तर हाकलून द्या ना ती डुकरं, रक्त कसलं काढत बसता?" तू म्हणायचीस, "हाकलून कुठे? वस्तीतली माणसं ती विकून गप्प बसणार आहेत का? लपवून पाळतील, चार गल्ल्या सोडून. खाडी राहील, मच्छर राहतील, बगळे राहतील, त्यांच्यातही तो असतोच. फक्त आपल्याला कळायचं बंद होईल." मी म्हणायची, वास आम्हाला येतो, तुला तिकडे लांब भेस्तानच्या खोलीवर येत नाही. त्यावर मात्र तू नमलीस. मग म्हणालीस, "घरांपासून लांब असावीत हे तुझं खरं आहे. मग लांब जागा द्या त्यांना. ते नको, हाकला म्हणजे झालं!" मला त्यावर काहीतरी बोलायचं होतं. कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले. काय बोलणार होते ते आठवत नाही.

तुझा ताप. थंडी वाजून आलेला ताप, तुझ्यासारख्या डॉक्टरणीनं अंगावर काढलेला. तुला दवाखान्यात आणलं तेव्हा तू अर्धी शुद्धीत होतीस. त्यांनी बोटाला टोचून काचेवर रक्त घेतलं आणि संध्याकाळी तो डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाला, "झेरी मलेरिया छे, मगज सुधी पहोंची गयो छे." विषारी मलेरिया, डोक्यापर्यंत गेलाय. मी ऐकलं, ह्यांनी ऐकलं. मी दोनदा विचारलं, "साहेब, डुकरांचं काही नाही ना?" तो वैतागून म्हणाला, "ना बेन, मलेरिया. आखा सुरतमां छे." अख्ख्या सुरतेत आहे. तू मला एकदाच ओळखलंस. म्हणालीस, "लीलाबाईकडचं या खेपेचं राहिलं गं." मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले आणि मनात म्हणत राहिले, अगं ए बाई, आत्ता तरी डुकरं सोड.

तू गेलीस. दुसऱ्या दिवशी भेटायला पहिली बाई आली, ती चप्पल काढता काढता म्हणाली, "डुकरांचंच ना?" सासूबाई म्हणाल्या, "दुसरं काय असणार?" मी तिथेच बसले होते, भिंतीला टेकून. मला वाटलं, आज कुठे वाद घालायचा, आज नको. मग दुसरी आली, तिला पहिलीनंच सांगितलं. तिसरीला सगळ्यांनी मिळून. माझ्याकडे बघून सगळ्या च्‌च्‌ करायच्या आणि मी डोळ्याला पदर लावायची. एक वाक्य पुरलं असतं, ताई. पण ते वाक्य बोलायचं तर आधी हेही सांगावं लागलं असतं की हो, ती डुकरांतच काम करायची, रोज, आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. तू मेलीस तरी माझी लाज काही मेली नव्हती.

मग लीलाबाई आली. डोक्यावर पदर, हातात पितळी झाकलेली. कडू घास घेऊन आली होती. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सगेसोयरे आणतात तो घास. तुझी सोयरी म्हणून ती आली होती. उडदाची डाळ आणि भाकरी. फाटकाच्या आत नाही आली. पितळी माझ्या हातात देऊन म्हणाली, "नवी शे, बाई. आजच लयी." तिनं आमच्यासाठी भांडं विकत आणलं होतं, आम्ही खावं म्हणून. मी ते घेतलं. ती वाट बघत उभी राहिली, मी म्हटलं, खाते, नंतर खाते. आत नेलं तर सासूबाईंनी नुसतं पाहिलं. मी पितळी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघरातून बाहेर निघून गेले. ह्यांनी तो घास खाडीच्या काठाला नेऊन टाकला. खाडीच्या काठाला, ताई! पलीकडे तिचंच दार आहे. तिनं कुत्री जमलेली पाहिली असणार. पितळी घासून ठेवली आहे, परत द्यायला तोंड नाही.

तेरावं झालं आणि सोसायटीची मिटिंग भरली. प्लेगच्या वेळी आपण सगळे कसे घरदार सोडून पळालो ते कोणीतरी काढलं. तेव्हा उंदीर होते, आता डुकरं, एक माणूस तर गेलंच आपल्यातलं, अजून किती जायची वाट बघायची? आपल्यातलं! जिला आमच्या घरात वेगळा कप होता, ती एकदम आपल्यातली झाली. ठरलं, की वर जाऊन महापालिकेच्या साहेबांना भेटायचं. सेक्रेटरी मला म्हणाले, "बेन, तमारे कंई बोलवानुं नथी, खाली ऊभा रहेजो." नुसतं उभं राहायचं, बोलायचं काही नाही. ह्यांनीही तेच सांगितलं, "तुला काय करायचंय? चार लोकांत राहायचंय आपल्याला." मी साधी पांढरट साडी नेसून गेले. साहेबांनी विचारलं, "इनकी बहन?" माझ्या वतीनं सगळ्यांनी माना हलवल्या. साहेब म्हणाले, बहुत अफसोस हुआ. मी हात जोडले. हेच काय ते मी केलं, आणि तेवढं पुरलं.

पकडणारे आले तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. जाळ्या, काठ्या, शिव्या. एवढी किंचाळी मी जन्मात ऐकली नव्हती. त्यातून लीलाबाईचा आवाज आला, "ह्या डाक्टरीनबाईन्या शेत! ह्यासले हात नका लावा!" तुझं नाव घेत होती, तुझा शब्द दाखवत होती त्या लोकांना. कोण ऐकणार? मी आत गेले आणि मिक्सर लावला. भांड्यात चटणी होती की नव्हती कोण जाणे, मी तो फिरवतच राहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं जळेल तो." मी बंद केला तेव्हा बाहेर सगळं शांत झालं होतं.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे. शाळेत वर्गात शिरले की हजेरी घ्यायच्या आधी मी पोरांच्या कपाळांना हात लावते. निम्मी पोरं नवागामची, कारखान्यात राबणाऱ्यांची. ती हसतात, बाईंना काय झालं म्हणून. एक कपाळ जरा गरम लागलं तरी मी ते पुन्हा पुन्हा चाचपते. परवा एकीला घरी पाठवलं, तिला नुसती सर्दी होती. पण हा मोसम मेंदूज्वराचाच आहे ना, तूच सांगायचीस. तो आला होता का, आला असेल तर कुठवर आला, हे सांगायला आता खाडीकाठी कोणी नाही. पोराला ताप येईल तेव्हाच कळेल. तुला जे टाळायचं होतं, ते मी तोंडातून शब्द न काढता करून ठेवलं.

गेल्या आठवड्यात तुझ्या जागेवर आलेला डॉक्टर घरी आला. पोरगेलासा आहे, लाजत लाजत बोलतो. म्हणाला, "मॅडमच्या सिस्टर ना? वस्तीतले लोक आत येऊ देत नाहीत. डुकरं आहेत अजून, लपवलीत इकडेतिकडे, व्यालीही आहेत. पण रक्ताचं नाव काढलं की दगड उचलतात. म्हणतात, रक्त दिलं आणि डुकरं गेली. तुम्ही आलात तर..." अगदी तू म्हणाली होतीस तसंच झालं होतं. सासूबाई आतून ऐकत होत्या. मी म्हटलं, रविवारी येते. ह्यांनी विचारलं, "कशाला?" मी दूध बघायला आत निघून गेले. धीर नव्हता, दुसरं काय.

लीलाबाई दारातच होती. बस म्हणाली नाही. डॉक्टरनं सुरुवात केली तर त्याला हातानंच थांबवून म्हणाली, "रगत देवाव नही आम्ही." मग माझ्याकडे वळली. तिनं ना पितळीचं विचारलं, ना घासाचं. विचारलं ते एवढंच, "तुम्हनी बहीन आम्हना डुकरेसमुळे गयी का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कशामुळे?"

"मलेरियानं. डॉक्टरनी सांगितलं होतं."

"हाई तुम्हले तवाच ठाऊक व्हतं?"

"हो."

आजूबाजूला बायका जमल्या होत्या. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लीलाबाई दारातून बाहेर आली. मग म्हणाली, "आम्हले काय सांगी ऱ्हायनात? आम्हले माहीत शे." आणि खाडीच्या पलीकडे बोट केलं. आमच्या सोसायटीच्या गॅलऱ्या. "तिकडे सांगा."

मी म्हटलं, सांगते, घरी गेले की सांगते, मिटिंगमध्ये सांगते. ती म्हणाली, "घर जाईसन नको. आठूनच सांगा." इथूनच, खाडीच्या काठावरून.

रविवारची सकाळ, ताई. गॅलऱ्यांत सगळे होते. सेक्रेटरी पेपर वाचत होते, समोरच्या काकू गहू निवडत होत्या. आमच्या गॅलरीत सासूबाई झोपाळ्यावर होत्या आणि हे दाढी करून टॉवेल झटकत होते. मी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. मग असा फुटला, की माझा मलाच ओळखू आला नाही. "माझी बहीण मलेरियानं गेली! डुकरांमुळे नाही! ऐकलंत का? मला माहीत होतं! डुकरांमुळे नाही!" सेक्रेटरींनी पेपर खाली केला. मी त्यांच्यासाठी परत ओरडले, "मारी बेन मलेरियाथी गई! भूंडथी नहीं!" आणि मग थांबता येईना. ती डुकरांची डॉक्टर होती, पिल्लांची रक्तं काढायची, तुमच्या पोरांसाठी काढायची, मी तुम्हाला खोटं सांगितलं, असं काय काय ओरडत राहिले, घसा बसेपर्यंत. हे टॉवेल घेऊन आत निघून गेले. सासूबाई उठून कठड्यापाशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. घरी काय वाढून ठेवलं होतं ते तुला मागाहून सांगेन. झालं ते झालं.

लीलाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शाबास नाही, रडू नको नाही. मला माफ केल्याचंही काही दिसलं नाही, आणि का करावं तिनं? ती डॉक्टरकडे वळली आणि विचारलं, कधी येणार. तो गडबडला, म्हणाला, पिल्लं अजून फार लहान आहेत, आईच्या दुधाची ताकद रक्तात असते तोवर काही कळत नाही, दिवाळीनंतर येतो. म्हणजे हा मोसम गेलाच. ती "बरं" म्हणाली. मी निघाले तर मागून हाक मारली.

"तुम्ही बी या. पिल्लू धराले मानूस लागस."

मी हो म्हटलं. पिल्लू कसं धरतात ते मला येत नाही, ताई. तू होतीस तोवर मी कधी विचारलंच नाही.